स्वाध्याय क्रमांक चार

प्रश्न पहिला. आपल्या स्वयंपाकघरापासून
रुग्णाच्या खाटेपर्यंतचे अंतर लिहा. गुण पाच.

अंतर मी टेपने मोजलं नाही.
नेरूळच्या या इस्पितळात भटारखाना तळघरात.
बाजूला पार्किंगचा उतार, मागे कचऱ्याचा वजनकाटा,
आणि त्या काट्यापाशीच फोनला दोन काड्या रेंज.
तिथे उभी राहून रात्री साडेनऊचा वर्ग ऐकते,
एका कानात वाघधरे मॅडम, दुसऱ्यात डिशवॉशर.
मॅडम अकोल्याला असतात म्हणे.
त्यांच्याकडची लाईट गेली की
आम्ही सत्तेचाळीस जण काळ्या चौकोनाकडे बघत
आपापल्या भिजत घातलेल्या डाळींचा विचार करतो.

मी अंतर थर्मामीटरने मोजलं.
ट्रॉली निघाली तेव्हा खिचडी चौऱ्याहत्तर.
दोन नंबरची लिफ्ट फक्त जेवणाची, अशी पाटी आहे.
त्या दिवशी तिच्यात सिलिंडर होते
आणि औषध कंपनीचा एक पोरगा, नवरदेवासारखा सजलेला.
चौथ्या मजल्यावर सत्तर.
सहाव्यावर सिस्टर म्हणाल्या, थांबा, राउंड चाललाय.
सातव्यावर, खाट सातशे चौदा, एकोणसाठ.
म्हणजे अंतर पंधरा अंश.
असंच लिहिलं. चुकलं असेल तर चुकू दे.

प्रश्न दुसरा. एक तक्रार व तिचे निवारण.
शब्दमर्यादा दोनशे.

सातशे चौदामध्ये पोशा नाखवा, दिवाळ्याचे,
वय एकाहत्तर, आठवड्यातून तीनदा डायलिसिस.
तीन दिवस ताट जसंच्या तसं खाली.
फॉर्मवर कारण: रुग्णाने नकार दिला.
मी वर गेले. टोपी घालूनच गेले, नियम आहे.
"मीठ नाय, आंबाट नाय, नारल नाय.
पोरी, यो जेवान हाय का पट्टीचा कापूस?"
मी विचारलं, काय आवडेल?
"जवला," ते म्हणाले,
पोलिसाला नाव सांगावं इतक्या हळू.

तिसऱ्या पुस्तिकेत पोटॅशियम-फॉस्फरसचा तक्ता आहे.
पनीर आहे, बदाम आहे, टोमॅटोचा सॉससुद्धा आहे.
जवला नाही. वर्गात विचारलं.
मॅडम म्हणाल्या, जवला म्हणजे?
मी बोटाचं पेर दाखवलं, कॅमेरा बंद होता.
"याहून लहान, मॅडम. सुकवलेला. खारा."
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मग नको."
मलाही ठाऊक होतं नको.
पण उत्तर नकोवर संपलं तर निवारण कसलं?

आमच्याकडे पोळ्या मशीन करतं, तासाला सहाशे.
मी तांदळाचं पीठ उकडलं, मीठ न घालता,
आणि बारा वर्षांनी भाकरी थापली.
पहिली फाटली. दुसरी स्टाफने खाल्ली.
तिसरीवर भाजलेला लसूण चोळला, तेलाचं बोट,
डाएटिशियनची सही घेतली,
आणि डबा टॉवेलात गुंडाळून जिन्याने निघाले.
सात मजले. पोचताना सहासष्ट.
त्यांनी दीड खाल्ली.
उरलेली परत आणून काट्यावर ठेवली, एक्केचाळीस ग्रॅम.
फॉर्मवर लिहिलं: स्वीकारले.

इथे दोनशे शब्द संपले.
पुढचं मी तरी लिहिलं, मर्यादेच्या खाली, बारीक अक्षरात:
की हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, तू कोनाची गो?
कराव्याच्या यमुनेची, म्हटलं. बाजारात सुकं विकायची ती.
ते छताकडे बघत राहिले.
"तिचे जवल्यान रेती नव्हती कधी."

काल गुण आले.
पहिल्याला शून्य. अंतर मीटरमध्ये अपेक्षित.
दुसऱ्याला दहापैकी सहा. शब्दमर्यादा ओलांडली.
आणि समासात, लाल नव्हे, निळ्या शाईने:
रेती कशी काढतात ते पुढच्या तासाला सांगाल का,
मला दहा मिनिटं देता येतील.

आईला फोन केला. ती म्हणाली, सुपानं, आणखी कशानं,
पण वारा कुठून येतोय ते आधी बघायचं.

बुधवारी साडेनऊला
डिशवॉशर बंद ठेवायला सांगितलंय.