नववी तळटीप

ओडलाउगच्या बेटावर उतरले तेव्हा
माझ्या पिशवीत चाळीस प्रश्न होते
आणि अंगात लाल रेनकोट.
प्रश्नांकडे तिनं बघितलंही नाही.
"आधी तो काढ," म्हणाली, "बाया बसल्यात."

बाया म्हणजे आयडर बदकं.
एप्रिलात समुद्रावरून येतात.
वाहून आलेल्या फळकुटांची तिनं बांधलेली
ठेंगणी घरं एकेक करून बघतात,
आतलं वाळवलेलं शेवाळ चोचीनं उलटंपालटं करतात,
पटलं तर राहतात.
एक तर दरवर्षी थेट जिन्याखालीच बसते.
तेवढे दिवस वरच्या खोलीत कुणी झोपत नाही.

प्रश्न सातवा: या पक्ष्यांचे मालक आपण आहात का?
ती हसली नाही. जरा वेळानं म्हणाली,
"भाडेकरू म्हण हवं तर.
फक्त भाडं कोण कुणाला देतं
ते अजून ठरायचंय."

पिल्लं पाण्यात गेली की घरट्यात उरते
आईनं स्वतःच्या छातीची उपटून अंथरलेली लव.
साठ-सत्तर घरटी, तेव्हा एक रजई.
तारा ताणलेल्या चौकटीवर ती लव घोळवत बसते,
काडीकचरा खाली गळतो,
आणि खोलीभर, कुणी वाद्य जुळवायला घेतलंय
पण वाजवणार नाहीये, असा आवाज.

प्रश्न चौदावा: या संबंधात आपण काय गमावता?
एक ते पाच यांपैकी आकड्यावर खूण करा.
"अन्सगार मे महिन्यात गेला," ती म्हणाली.
"घंटा वाजवली नाही.
प्रार्थना ओठातल्या ओठात.
चौघांनी बूट काढले, मोज्यांवर पेटी नेली होडीपर्यंत.
इंजिन लावलं नाही, वल्ही मारली.
एकही उठली नाही घरट्यावरून."
मग चुलीकडे वळून:
"त्याला आवडलं असतं.
नसतंही. गाण्याचा फार नाद होता त्याला."
मी कुठल्याच आकड्यावर खूण केली नाही.

रेनकोटच्या बदल्यात तिनं पहिल्याच दिवशी दिलेला
त्याचा राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ,
बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे.
तो घालून तीन आठवडे मी रोज मोजत होते:
दोन पावलांवर गेले तरी मादी हलत नाही.
वहीत लिहिलं, ठसठशीत,
'पक्ष्यांना संशोधकाची सवय झाली.'

निघायच्या सकाळी स्वेटर घडी करून परत दिला.
मोजपट्टी घरट्यांपाशी राहिली होती,
तशीच गेले, माझ्या निळ्या जॅकेटात.
वीस पावलांवर एक मान ताठ झाली.
मग दुसरी.
मग सगळा उतार माझ्याकडे बघत होता.
मी पाऊल जिथे होतं तिथेच ठेवलं,
आणि उलट, हळूहळू, मागे आले.
मोजपट्टी तिथेच राहिली.
ओडलाउग दारात उभी. काही बोलली नाही.

मार्गदर्शक म्हणतात, नववी तळटीप गाळ,
निष्कर्षाशी तिचा संबंध नाही.
मी ठेवली आहे:

'तक्ता तीनमधलं दोन पावलांचं अंतर
प्रस्तुत संशोधकाचं नाही.
ते अन्सगार या मच्छीमाराचं आहे,
मृत्यूनंतर दोन वर्षांनी घेतलेलं.'