शक्यता गुणिले परिणाम

फॉर्म दोन पानी, सोनवणे सरांनी झेरॉक्स करून दिलेला.
धोका. शक्यता एक ते पाच. परिणाम एक ते पाच.
गुणाकार करा, म्हणाले,
पंधराच्या वर गेलं की मला दाखवा.
मी होस्टेलच्या गच्चीवर बसून भरला.
चोपड्याची वीज गेलेली, मोबाइलच्या उजेडात.

ऊन : पाच गुणिले पाच.
इथेच सरांना दाखवायला हवं होतं,
पण मग मे महिन्यात खान्देशात कुणी काहीच करू नये.
उपाय : पहाटे पाच ते साडेनऊ. नंतर सावली, ताक,
गुंजनच्या खिशात कांदा.
फ्रॉकला खिसा नाही,
म्हणून कांदा माझ्या खिशात आणि मी तिच्या मागेमागे.
कॅमेरा जळगावहून भाड्याने आणलेला. तो तापला तर
अशफाक तडवी म्हणाला, माठासारखं ओलं गोणपाट गुंडाळू.
छत्रीला गुंडाळू, असं लिहिलं मी.
जनरेटर बसला तर आरसे, भिकनभाऊंच्या सलूनमधले दोन.
साप : तीन गुणिले पाच, बरोबर पंधरा,
वर नाही, म्हणून दाखवला नाही.
लोचना पावराने तो आकडा पाहिला
आणि काही न बोलता भावाचे गमबूट आणून ठेवले.
लग्नसराई, डीजे वाजणारच : आवाज नंतर भरू.

किती अशुभ लिहितेस गं, प्रज्योत म्हणाला.
त्याच्या डोक्यात फक्त शेवटचा शॉट :
मुलगी केळीच्या बागेत घड मोजत चालते,
बाप यायच्या आत मोजून संपवायचे म्हणून.

बाग. तिच्यासमोरची उपायाची जागा मी रिकामी सोडली.
धुडकूआप्पांनी शब्द दिला होता, वीस तारखेपर्यंत हात लावत नाही.
दिलेल्या शब्दाला शक्यता किती लावायची?
एक लावली. शून्याची सोय नव्हती फॉर्मात.

सतराच्या पहाटे टेम्पोतून उतरलो.
पानं होती, खोडं होती.
घड एकही नाही.

आप्पा बांधावर, हातात चहाची किटली,
ओशाळलेले आणि खूश, दोन्ही एकाच तोंडावर.
"भाव चढना. रातले ट्रक उना.
फोन करा व्हता, लागना नही."
क्विंटलला किती, तेही सांगितलं.
लोचनाची शीळ ओठांवरच राहिली.
आणि मला माझा तक्ता आठवला :
ज्याच्यासाठी आप्पांच्या घरात आज पेढे येणार
ते मी धोक्याच्या रकान्यात भरायला हवं होतं.
रागावताही येईना. चहा फार गोड होता.

उजाडायला वीस मिनिटं.
प्रज्योत मातीतच बसला, गुडघ्यात डोकं.
गुंजनने कुणाला विचारलं नाही.
पहिल्या कापलेल्या दांड्याखाली उभी राहिली, वर पाहिलं,
बोट केलं : हा गेला.
पुढच्याखाली : हा गेला.
हापण.
अशफाकने कॅमेरा कधी लावला, मला कळलं नाही.
मी कांदा धरून उभी.

अकराव्या दांड्याचा चीक तिच्या फ्रॉकवर ठिबकला.
केळीचा डाग, कुठल्या साबणाला दाद देत नाही,
चोपड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
दुसरा फ्रॉक साडेतीनशेचा होता,
बजेटमधून मीच खोडलेला.
अजून चार सीन बाकी, सगळे याच्या आधीचे.
ती मात्र मोजतच गेली, बाग संपेपर्यंत,
आणि कट म्हणायचं भान कुणालाच नव्हतं.

फॉर्म मागच्या खिशात होता, घामाने 'परिणाम' फुटलेला.
बागेसमोरच्या रिकाम्या जागेत
काहीतरी लिहावं म्हणून उलगडला,
तर माझ्या बोटांचा चीक तिथे आधीच लागला,
दुपारपर्यंत काळा पडला.

सरांना तसाच दिला.