तबकडीला दार नाही

तबकडी आहे. पिवळ्या पडलेल्या पाकिटात,
वर निळ्या पेनानं पंचवीस अक्षरांची किल्ली.
नेटबुक उलटंपालटं केलं, चारी कडा चाचपल्या,
तबकडी घ्यायला बाहेर येणारी
जीभच नाही याला.

बारा हंगाम हे चेंबर चारच्या दारापाशी
बेदाण्याच्या पेट्या मोजत बसलेलं.
आज सकाळी पडदा निळा झाला
आणि तसाच राहिला.
बाहेर सावळजचा टेम्पो, पावती मागत.

काट्यावरचे हणमाअण्णा एडके म्हणाले,
"तोंडच न्हाई तर घास भरवायचा कुठनं, वैजयंता?"
म्हटलं, "सलाइन लावू."

तासगाव स्टँडमागं अशपाकचं दुकान.
त्याच्याकडं एक पेनड्राइव्ह, नखाएवढा,
त्यावर कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ.
"पुसू?"
"पूस. त्यांनी नेलाय कधीच."
त्याच्या मशीनमध्ये तबकडी घरघरली
आणि चहा निवेपर्यंत सगळी त्यात उतरली.

एफ-बारा दाबायचं, सुरू होता होता.
पहिल्यांदा उशीर झाला. दुसऱ्यांदा लवकर.
तिसऱ्यांदा बोट उचललंच नाही.
मग काळ्यावर पांढरं:
आधी कुठं बघू?
बाजूला बघ बाबा, बाजूला.

तारीख म्हणे एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतला सेल मेलेला.
त्या साली मी दहावीला होते,
आणि अण्णांची डावी दोन बोटं
अजून जागेवर होती.

गावांची यादी आली. काठमांडू होतं, कराची होतं.
तासगाव नव्हतं.
कोलकात्यावर टिचकी मारली.

मग विचारलं:
यावरचं सगळं पुसलं जाईल. पुढं जायचं?

पावत्यांच्या नकला कागदावर आहेत, त्याचं काही नाही.
पण माझ्याआधीचे कारकून, रावळ,
एक फोल्डर ठेवून गेलेत, 'किरकोळ' नावाचं.
रोज दिसायचं. कधी उघडलं नाही.
आता उघडायचं तर यंत्र चालू पाहिजे,
आणि यंत्र चालू करायचं तर ते पुसायचं.

"किरकोळच लिवलंय न्हवं?" अण्णा म्हणाले,
पण म्हणताना
माझ्याकडं बघितलं नाही.

टेम्पोनं हॉर्न दिला.
मी बाण 'नाही'वर नेला,
अशपाकला फोन लावला:
नुसतं आत बघता येईल, काही न पुसता,
असा एखादा तुकडा करून देशील?
म्हणाला, देतो, पण सात वाजतील.

पावती हातानं लिहिली.
पेट्या तीनशे चाळीस, चेंबर चार.
तारखेच्या जागी
दोन हजार नऊ लिहिलं गेलं.
खोडलं.