हलू नका

दिवसभर मी माणसांना सांगते, हलू नका.
थंड जेल, सहा वायरी छातीवर, चार हातापायांना,
आणि गुलाबी कागदावर उमटत जाणारी ती ओळखीची रेघ,
चढते, टोचते, उतरते.
सरळ झाली की धावत डॉक्टरांना हाक मारायची.

संध्याकाळी मात्र मला सरळ रेघच हवी असते.

खारदांड्याच्या मागे, अवसेची सुकती.
पाणी इतकं आत गेलंय की एरवी न दिसणारे खडकही
उघडे पडलेत, काळे, ओले, एकमेकांना पाठ लावून.
ट्रायपॉडचा तिसरा पाय कपारीत रुतवते,
वजन म्हणून बॅग त्याला लटकवते, रिकाम्या डब्यासकट,
आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास धरून ठेवते.

मागच्या खेपेचे फोटो बघून हेगिष्टे सरांनी चष्मा काढला होता.
"क्षितिज मधोमध. म्हणजे वाटणी करून मोकळी झालीस,
अर्धं आभाळाला, अर्धं समुद्राला.
कुणाची तरी बाजू घे, बाई.
आणि पुढ्यात काहीतरी ठेव.
नजर घरात येते ती उंबऱ्यावरून येते."

म्हणून आज क्षितिज वर ढकललं.
आभाळ चार बोटं, बाकी खडक नि पाणी.
डावीकडे सी-लिंक दिवे लावून उभा,
त्याला बाहेरच ठेवला, तो तसाही सगळ्यांच्या फोटोत असतो.
काळी काच भिंगापुढे. छिद्र अकरावर. तीस सेकंद.
मोजायची सवय आहेच बोटांना.

पडद्यावर जे आलं त्यात
एकही लाट नव्हती.
लोक याला दूध म्हणतात, रेशीम म्हणतात.
मी ती रेघ लगेच ओळखली.

पुढ्यात ठेवायलाही काही सापडेना.
शंख मांडून पाहिला, खोटा वाटला.
एका पायाची निळी चप्पल होती, ती फारच खरी वाटली.
तेवढ्यात चौकटीत एक बाई शिरली,
लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, हातात कोयती.
पाटी तिनं टेकवली ती
उजव्या कोपऱ्यापासून जराशी आत,
जिथं मी पाऊण तास नुसती बघत होते,
आणि लागली कालवं फोडायला.
टक्. टक् टक्. टक्.

मावशी, हलू नका,
अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं.
गिळलं.
पाणी परतायच्या आत तिला पाटी भरायची होती,
ती काही माझ्या टेबलावर झोपली नव्हती.

काळी काच काढली, उजेड सरतच आला होता.
दोन सेकंद.
बटण लाट येताना नाही, मागे फिरताना दाबायचं,
हे सातव्या का आठव्या वेळी माझं मलाच कळलं.
जाणारं पाणी खडकांवरून रेघोट्या ओढत जातं,
चढत्या, टोचऱ्या, उतरत्या.

फोटोत पाटी लख्ख. बांबूची पट्टी न् पट्टी मोजून घ्यावी.
तिच्यामागे पाण्याची पांढरी मुळं, समुद्रापर्यंत गेलेली.
आणि पाटीच्या बाजूला एक धुरकट वाकणं,
बाई म्हटलं तर बाई,
नाहीतर खडकातून निघालेली वाफ.

चांगुणाबाय नाव. हात लुगड्याला पुसून पडद्यावर झुकली.
"पाटी बेस आली. न् मी कुठं हाय?"
मी तो धूर दाखवला.
बराच वेळ बघत राहिली.
"बराबर. कंबर दुखते ती इथंच."

मग म्हणाली, उद्या सुकती पाऊण तास उशिरा,
तुला उजेड नाय मिलायचा.
कोयतीच्या टोकानं एक कालव उघडून माझ्यापुढे धरलं.
खारट. गार. घशाखाली उतरतानाही जिवंत.

घरी आल्यावर दिसलं, क्षितिज उजवीकडे किंचित कललंय.
जिभेवर मीठ ठेवून हसले असणार मी तेव्हा.
एका बोटानं सरळ होईल.
ठेवलंय तसंच.
हेगिष्टे सर चष्मा काढतील.