आधारवर्ष

फॉर्मच्या पहिल्याच ओळीत रकाना आहे, आधारवर्ष.
म्हणजे ज्या वर्षीचा धूर खरा धरायचा
आणि पुढचा सगळा त्याच्याशी ताडून पाहायचा.
वरून छापूनच आलंय: दोन हजार दहा.
आम्ही फक्त खाली भरत जायचं,

मी आणि तबस्सुम.
वॉर्डातली अकराशे चाळीस घरं, दुकानं, टपऱ्या.
तिच्याकडे टॅब, माझ्याकडे बाबांचा जुना ताणकाटा.

भेरूलालची इस्त्री पितळी, पोटात निखारे.
"कोयला कितना, भिया?"
तो आधी आभाळाकडे बघतो, मग बोटं मोजतो.
लगीनसराईत चार किलो, एरवी अडीच,
पितृपक्षात कुणी कपडे टाकत नाही,
तेव्हा बिडी पेटण्यापुरता.
सरासरी काय लिहू, तबस्सुम विचारते.
सरासरी भेरूलाल
कुठल्याच दिवशी टपरीवर बसत नाही.
गॅसची इस्त्री मिळेल, योजनेत आहे, मी सांगते.
हलकी असेल, तो म्हणतो,
मग घडी बसवायला जोर मलाच लावावा लागेल.

पोहेवाला परातीवरचं फडकं उचलून ठणकावतो,
ही वाफ आहे, हिला धुरात धरू नका.
नाही धरत.
आणि खालच्या भट्टीला?
तिला धरते.
तो जरा वेळ भट्टीकडे बघत राहतो,
घरातल्या कुणाचं नाव पोलिसांत गेल्यासारखा.

पळशीकरबाईंच्या घरात काहीच जळत नाही.
दोन एसी, इन्व्हर्टर, पांढऱ्या फरश्या, देवापुढे विजेची समई.
"आमच्याकडे कसला आलाय धूर?"
मी लाइटचं बिल मागते.
त्यांचा धूर शंभर कोसांवर कुणाच्या तरी शेतावर उतरतो,
आम्ही तो गुणाकार करून घरी आणतो.
भेरूलालच्या अकरापट.
चहा मात्र त्यांनीच दिला.

वॉर्डाच्या टोकाला मिलची भिंत.
धुराड्याच्या तोंडाशी पिंपळ उगवलाय.
मोठे स्रोत: निरंक, तबस्सुम टाइप करते
आणि सहज सांगते, दादा रंगखात्यात होते तिचे,
कफनात गेले तरी नखं निळी.

मला आठवते ती दोरीवरची काजळी.
आई वाळलेली साडी तीनदा झटकायची, मगच घडी.
मग एका हिवाळ्यात फाटकाला कुलूप लागलं.
आठवड्याभरात आभाळ धुतल्यासारखं झालं,
साड्या पांढऱ्या राहू लागल्या,
बाबा पहिल्यांदाच दुपारी घरी जेवले,
आणि रोज जेवू लागले.
त्या एका हिवाळ्यात या वॉर्डाने
जेवढा धूर कमी केला
तेवढा आता कुणाच्या बापाला जमणार नाही.
आधारवर्ष जरा मागे सरकवलं असतं
तर आम्ही कधीच जिंकून बसलो होतो.
शेरा लिहायच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
मी ती मोजली. रिकामाच ठेवला.

शेवटचं घर माझं.
तबस्सुम नियमाप्रमाणे कुटुंबप्रमुखालाच विचारते,
"दादाजी, ईंधन?"
बाबा खुर्चीत सावरून बसतात.
बॉयलरवर कोळसा तोलून घ्यायचे ते, एकोणतीस वर्षं.
"कोळसा. दिवसाला बेचाळीस टन.
रविवारी बंद."
तबस्सुमचं बोट काचेवर तसंच थांबलेलं.
सिलिंडर, मी हळूच सांगते, दीड महिन्याला एक.

बाबांचं लक्ष आता माझ्या पिशवीकडे.
काटा कुठला आणलायस?
तुमचाच.
"मग पाव किलो वजा केलास ना?
तो पहिल्यापासून जास्त दाखवतो."

म्हणजे उद्या पुन्हा भेरूलाल,
पुन्हा भट्टी, पुन्हा अख्खी गल्ली.
तबस्सुम टॅब बंद करते. चार्जिंग
तसंही संपत आलेलं.