सात मिनिटं चाळीस

याही हिवाळ्यात समुद्र गोठला नाही
आणि मला करायचाय गोठलेल्या समुद्रावर
सात मिनिटं चाळीस सेकंदांचा ध्वनिनिबंध,
शुक्रवारसाठी, सकाळच्या बातम्यांच्या आधी.

हिऊमा बेटावरून समोरच्या किनाऱ्यापर्यंत
बर्फावरून रस्ता जायचा. खराखुरा, पाट्यांसकट.
कडेला जुनिपरच्या फांद्या खोचलेल्या,
आणि जिथं जमीन संपते तिथं फलक :
इथून पुढे सीटबेल्ट सोडा.

बाकी जगात सगळे बांधा म्हणतात.

वाल्दुर सव्वीस हिवाळे गिरमिट घेऊन
त्या रस्त्याची जाडी मोजत चालला.
त्याच्या स्वयंपाकघरात मी आधी फ्रिज बंद केला
(घरघर माइकमध्ये शिरते)
आणि गाडीची किल्ली फ्रिजात ठेवली,
लोण्याशेजारी. म्हणजे निघताना
तो परत चालू करायला विसरत नाही.
वाल्दुरनं हे पाहिलं. काही बोलला नाही.
मग टेबलावर पंजा ताणून वीत दाखवली :
"एवढा असला की गाडी जाते.
याहून कमी असला की माणूस जातो."

वेगाचंही सांगितलं.
अगदी सावकाश, नाहीतर चांगलं जोरात.
मधल्या वेगात खालची लाट
गाडीच्या जोडीनं चालू लागते,
आणि लाट काही थकत नाही.

दोन तासांचं बोलणं घेऊन आले.
पुढचं काम मेथी निवडण्यासारखं :
खोकले बाजूला, "म्हणजे"चे देठ मोडायचे,
भाचीच्या लग्नाची पूर्ण जुडी टाकून द्यायची.
श्वास तेवढे ठेवायचे.
सगळे काढले की बोलणारा
पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

पण बर्फ?
बर्फाचा आवाज कुठून आणू?
संग्रहात एकच जुनी टेप, तिच्यात
निवेदकाचा उत्साह, बर्फ जवळपास नाही.
कॉर्नफ्लोअरची पिशवी मुठीत दाबली :
पावलं झाली, छान झाली.
पत्रा वाकवला, ताणलेल्या तारेवर चमचा घासला,
रात्री अकरापर्यंत मी आणि तंत्रज्ञ तुउली
एक समुद्र गोठवत बसलो.

दुसऱ्या दिवशी वाल्दुरनं हेडफोन लावले,
लगेच काढले.
"हा पत्रा आहे."

मग कोटाच्या कॉलरमध्ये हनुवटी रुतवून
तो माइकवर वाकला
आणि घशाच्या तळातून काहीतरी सोडलं.
लांब. खोल. आधी लांबून आलेलं,
मग एकदम खुर्चीखाली,
जसं जमिनीखाली कुणी झोपेत कूस बदलावी.
तुउली हसायच्या बेतात होती, हसली नाही.
तिनं पाय उचलून घेतले.

आता ऐकणाऱ्यांना सांगायचं का?
रात्रभर खल केला, स्वतःशीच.
शेवटी एक वाक्य घातलं :
हा बर्फ नाही, हा वाल्दुर आहे.
चार सेकंद. तेवढ्यासाठी माझी एक उपमा काढली,
ऑक्टोबरपासून जपलेली.
मापात अगदी बरोबर बसली.

शुक्रवारी दोन फोन आले.
एम्मास्तेहून एक बाई : कुठली खाडी गोठली म्हणे?
ते वाक्य आलं तेव्हा तिनं नळ सोडला होता.
दुसरा फोन दुधाच्या टँकरवाल्याचा.
बोलायची सवय नसलेला माणूस.
म्हणाला, तुमचं ते सुरू होतं,
मी डांबरी रस्त्यावर, दोन्ही बाजूंना शेतं,
आणि तो आवाज आला तसा
हात आपोआप पट्ट्याकडे गेला.
सोडला.

मी विचारलं, मग परत लावलात ना?

पलीकडे इंजिनाची घरघर,
जी मी कुणाच्याही बोलण्यामागून
काढून टाकली असती.

मग खट्.
पट्टा की फोन, कळलं नाही.