अंतिम निकालाच्या अधीन

आडनाव कांदळगावकर.
जर्सीवर मावेना म्हणून शिवणाऱ्याने
पाठीवर 'कांदळ' एवढंच चिकटवलं.
पोरी हसायच्या, खाडीतलं झाड चढाईला निघालं!

मी मालवणच्या कॉलेजातला मसूरकर, ऑफिसातला.
पात्रता-अर्ज माझ्या टेबलावरून जातात.
नाव, जन्मतारीख, मागच्या सत्राचे गुण,
आणि तळाशी एक चौकट, शिक्क्यापुरती.
सलोनीच्या चौकटीत मी 'अपात्र' मारला.
अर्थशास्त्र, पेपर तीन, चार गुण कमी.
फेरतपासणीला टाकलेला, उत्तर यायचं होतं.
नियम उत्तराची वाट बघत नाही,
तसं त्यात लिहिलंच आहे,
कलम नऊ, पोटकलम आ.

ती आली तेव्हा पायांना ओली वाळू.
सुकतीला किनाऱ्यावर सराव असतो त्यांचा,
मध्यरेषा टाचेने ओढायची, बोनसची काठीने,
भरतीच्या आत आवरायचं.
म्हणाली, "सर, कबड्डीत आऊट झालेलो माणूस
परत येता.
तुमच्या कागदात कसो नाय?"
मी शिक्क्याची शाई पुसत बसलो.
उत्तर होतं,
पण ते माझ्या पदाच्या वरचं होतं.

वकील प्रभुदेसाई. अर्धी फी रोख,
उरलेली, जमेल तशी, सुरमईत.

गगनबावड्याच्या घाटात एसटीत मला मळमळलं.
मांडीवर माझंच प्रतिज्ञापत्र,
माझ्याच शिक्क्याच्या बाजूने.
कोल्हापुरात कोर्टाच्या यादीत सत्तावन्नावा नंबर,
आणि तिथे मात्र आडनाव पूर्ण छापलेलं,
त्याच्यापुढे 'विरुद्ध', त्याच्यापुढे विद्यापीठ.

त्यांचा वकील म्हणाला,
खेळाडू आधी विद्यार्थी असतो, माय लॉर्ड.
प्रभुदेसाई म्हणाले, मान्य.
मग तपासनीस आधी कोण असतो?
तेवीस दिवस झाले, गठ्ठ्याची गाठ सुटली नाही.
न्यायमूर्तींनी घड्याळाकडे बघितलं.
सामना परवा होता.
खेळू द्यावे, म्हणाले,
अंतिम निकालाच्या अधीन राहून.

मी प्रतिवादी क्रमांक दोनचा माणूस.
बाकावर माझी मूठ वळली,
ती मी फाइलखाली ठेवली.

सावंतवाडीला मॅटवर शेवटची चढाई.
तिघींनी धरलेली, घोटा एकीच्या हातात,
तोंडात कबड्डी कबड्डी बारीक होत गेलेली,
आणि बोटाचं पेर, फक्त पेर, रेषेवर.
पंचाने दोन्ही हात वर केले.
धरणाऱ्या तिघी बाहेर,
आपल्या तिघी, बाकावर बसलेल्या,
टाळ्या पिटत आत.

मग पत्र आलं.
पदक महाविद्यालयाच्या ताब्यात ठेवावे.
ते माझ्या खणात आहे,
जुन्या हॉल तिकिटांच्या गठ्ठ्याशेजारी, पाकिटात.
फेरतपासणीत सहा गुण वाढले.
पास झाली पोर.
पण अर्जाच्या तारखेला नापासच होती, असं म्हणतात.
त्या एका तारखेवर आता बाकीच्या तारखा पडतात.
प्रभुदेसाईंना या वर्षी सुरमई कमी गेली,
मासळीच नव्हती.

सलोनी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
शनिवारी अर्धा दिवस असला की येते.
"आसा मा?" विचारते.
"आसा," मी म्हणतो, आणि खण उघडतो.
ती ते तळव्यावर धरते, वजन करावं तसं,
गळ्यात घालत नाही.
सांगितलेलं नाही कुणी तिला तसं.
पाच मिनिटांनी पाकीट चिकटवून देते.

रजिस्टरला मीच रकाना आखलाय.
पाहिले. परत केले. सही.
रकाना अरुंद झाला.
तिचं आडनाव दर वेळी
रेषेच्या बाहेर जातं,
शेरा लिहायच्या जागेत,
आणि मी अजून
शेरा लिहिलेला नाही.